नजरेची रेषा आणि छर्‍याची वाट



वसंत व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत संतवाङ्मय, अर्थकारण, इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला ‘छर्‍याच्या बंदुकीवरची दुर्बीण’ हा विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. काहींना वाटले असेल, हा कोणी शिकारी गृहस्थ दिसतो. तर प्रथमच सांगतो, की मी शिकारी नव्हे. आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, आणि निवृत्तीनंतर एका हौशी मंडळात रविवारी मुलांना कागदी निशाणावर नेम धरायला शिकवू लागलो. तिथे माझ्या हातून एक चूक झाली. त्या चुकीनेच मला हा विषय शिकवला, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतो.

आमच्याकडे नववीतली एक मुलगी येत असे. दुर्बीण बसवलेली एक एअर रायफल तिच्या वाट्याला आली होती. तीन रविवार ती मुलगी दहा मीटरवरून छर्रे मारीत होती आणि तिन्ही रविवार तिचे छर्रे काळ्या वर्तुळाच्या खाली, डावीकडे लागत होते. शेजारच्या मुलाचे छर्रे कागदभर विखुरलेले असत. पण त्यातला एखादा नेमका मध्यावर बसे. मी त्या मुलाची पाठ थोपटली आणि मुलीला म्हणालो, “चाप ओढताना तुझा हात हलतो. लक्ष दे.” तिने मान खाली घातली, पुन्हा छर्रा भरला, पुन्हा नेम धरला, छर्रा पुन्हा तिथेच लागला. चौथ्या रविवारी ती आली नाही.

मी दोघांवरही अन्याय केला होता. तो कसा, हे समजायला आपल्याला बंदुकीच्या नळीपासून निशाणापर्यंतचा प्रवास एकदा नीट पाहावा लागेल.

बंदूक जिथे पाहते तिथे मारते, अशी आपली साधी समजूत असते. प्रत्यक्षात त्यात दोन निरनिराळ्या वाटा आहेत. पहिली नजरेची रेषा. ती डोळ्यापासून निघून दुर्बिणीच्या मध्यातून निशाणापर्यंत जाते. प्रकाश सरळ जातो, म्हणून ही रेषा सुतासारखी सरळ. दुसरी छर्‍याची वाट. ती नळीच्या तोंडातून निघते, आणि नळी असते दुर्बिणीच्या खाली, साधारण चार सेंटिमीटर. म्हणजे दोन्ही वाटांचा आरंभच एका ठिकाणी नाही. शिवाय छर्रा नळीबाहेर पडला, की त्याच क्षणापासून पृथ्वी त्याला खाली ओढू लागते. त्याची वाट वाकडी.

किती वाकडी, ते आकड्यांत पाहू. नेहमीच्या ४.५ मिलिमीटर व्यासाचा, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने निघाला असे धरा, आणि हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवा. दहा मीटर जाईपर्यंत तो पंधरा मिलिमीटर खाली येतो. वीस मीटरला साठ मिलिमीटर, तीस मीटरला जवळजवळ एकशेछत्तीस. एकास चार, चारास नऊ; अंतर दुप्पट केले की पडणे चौपट. गॅलिलिओने घालून दिलेला हा हिशेब आपण सर्वांनी शाळेत घोकला आहे. हवेच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात छर्रा याहून थोडा अधिकच पडतो.

मग छर्रा निशाणावर लागतो तरी कसा? नळीचे तोंड नजरेच्या रेषेच्या मानाने किंचित वर उचललेले असते म्हणून. छर्रा खालून निघतो, नजरेची रेषा ओलांडून वर जातो आणि वळून पुन्हा तिच्यावर उतरतो. त्या दोन वाटा, लक्षात घ्या, दोन ठिकाणी भेटतात. वरच्या उदाहरणातली बंदूक वीस मीटरला बरोबर लावली, तर पहिली भेट तेरा मीटरच्या आसपास होते आणि दुसरी वीस मीटरला. त्या दोहोंच्या मध्ये छर्रा रेषेच्या वर असतो, पण दोन मिलिमीटरसुद्धा नाही. दहा मीटरला तो पाच मिलिमीटर खाली लागतो, पाच मीटरला एकोणीस मिलिमीटर खाली, आणि तीस मीटरला पंचवीस मिलिमीटर, म्हणजे एक इंच खाली.

आता गंमत पाहा. हीच बंदूक दहा मीटरला लावली, तर वीस मीटरला छर्रा कुठे लागेल? दूर गेला म्हणजे खाली लागेल, असे कोणीही सांगेल. पण तो जवळजवळ एक सेंटिमीटर वर लागतो! कारण दहा मीटर ही त्याची पहिली भेट. तिथे तो अजून चढतीवर असतो, आणि दुसरी भेट व्हायला सव्वीस मीटर जावे लागते. म्हणून कोणी “माझी बंदूक अगदी बरोबर लावलेली आहे” असे म्हटले, तर त्याला पहिला प्रश्न विचारावा, “किती अंतराला?” अंतर सांगितल्यावाचून ‘बरोबर’ या शब्दाला अर्थ नाही. अंतर ठरवून या दोन वाटांची त्या अंतरावर गाठ घालून देणे, यालाच नेमबाज ‘बंदूक झिरो करणे’ म्हणतात.

ही गाठ घालून देण्याचे काम दुर्बीण कशी करते? दुर्बीण नेमाला मदत करते ती केवळ निशाण मोठे करून दाखवते म्हणून नव्हे. तिची खरी कामगिरी निराळी आहे. साध्या बंदुकीवर मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि निशाण या तीन वस्तू तीन अंतरांवर असतात, आणि आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहू शकतो. चाळिशी लागलेल्यांना हे समजावून सांगायला नको. दुर्बिणीत पुढचे भिंग निशाणाची प्रतिमा नळीच्या आत उभी करते, आणि नेमाची फुली त्या प्रतिमेच्या जागीच बसवलेली असते. त्यामुळे निशाण आणि फुली एकाच पडद्यावर काढल्यासारखी दोन्ही स्वच्छ दिसतात.

ही युक्ती सुचली त्याची हकिगत मोठी रम्य आहे. विल्यम गॅस्कॉइन हा इंग्लंडमधला तरुण ज्योतिर्विद. १६४० च्या सुमारास त्याच्या दुर्बिणीत एका कोळ्याने जाळे विणले, आणि पाहतो तो त्या जाळ्याचा धागा आकाशातल्या बिंबाइतकाच स्पष्ट दिसतो आहे! दुसरा कोणी असता, तर त्याने फडके घेऊन जाळे पुसले असते. गॅस्कॉइनने विचार केला, की धागा जर नेमका प्रतिमेच्या जागी ठेवला तर दुर्बीण कोठे रोखली आहे हे केसाइतक्या बारकाईने सांगता येईल. १६४४ मध्ये तो यादवी युद्धात मारला गेला; तेव्हा त्याचे वय तिशीच्या आसपासचे. पण त्याची ती फुली ज्योतिर्विदांच्या दुर्बिणीतून भूमापकांच्या थिओडोलाइटमध्ये गेली, आणि तिथून पुढे बंदुकीवर आली.

आजच्या दुर्बिणीला वरती एक आणि उजव्या बाजूला एक अशा दोन चक्र्या असतात. वरची चक्री छर्‍याचा मार वर-खाली सरकवते, बाजूची डावी-उजवीकडे. चक्री फिरवली की ‘कट्’ असा बारीक आवाज होतो. त्याला क्लिक म्हणतात. पुष्कळ दुर्बिणींवर लिहिलेले असते, की एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. इथे नवख्या माणसाची फसगत होते. क्लिक हे अंतर नव्हे, तो कोन आहे. एका अंशाचे साठ भाग करा, त्यातल्या एका भागाचा पाव हिस्सा. कोन तोच राहिला तरी त्याने व्यापलेली जागा अंतराबरोबर वाढते. शंभर मीटरवर हा क्लिक छर्‍याचा मार सव्वासात मिलिमीटर हलवतो, वीस मीटरवर दीड मिलिमीटरला थोडा कमी, आणि दहा मीटरवर पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणून दहा मीटरवर उभा राहून एक इंच चुकला म्हणणार्‍याने चार क्लिक फिरवले, तर काहीच बदलत नाही. मग तो दुर्बिणीला शिव्या देतो. त्याला हवे असतात पस्तीस क्लिक.

परंतु चक्रीला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी तपासायच्या असतात. घर बांधताना पाया न पाहता कोणी खिडक्यांना रंग देत नाही.

पहिली गोष्ट, दुर्बिणीची बैठक. आपल्याकडे बहुतेक छर्‍याच्या बंदुका स्प्रिंगच्या असतात. नळी मोडून दाबली की आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, दट्ट्या हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा छर्‍याला ढकलते. अशी बंदूक एक झटका देत नाही, दोन देते. दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि दट्ट्या टोकाला जाऊन थांबतो तेव्हा ती पुढे हिसकते. मोठ्या काडतुसाच्या बंदुकीसाठी केलेली दुर्बीण मागचा धक्का सोसते, पण या पुढच्या हिसक्याची तिला सवय नसते. तिची भिंगे ढिली होतात, फुलीची तार तुटते. म्हणून स्प्रिंगच्या बंदुकीला त्या कामासाठीच केलेली दुर्बीण घ्यावी. ती ज्या कड्यांत बसते त्यांचे स्क्रू सारखे, आळीपाळीने आवळावेत; आणि दर धक्क्यासरशी कड्या मागे सरकू नयेत म्हणून मागे अडवणारी एक खुंटी असते, ती तिच्या भोकात बसली आहे ना हे पाहावे. दुर्बीण दर छर्‍याला गहूभर सरकत असेल, तर सारा हिशेब वाळूवर लिहिल्यासारखा होतो.

दुसरी गोष्ट, फुली सरळ उभी आहे की नाही. इथे गवंड्याचा ओळंबा कामाला येतो. दहा मीटरवर ओळंबा टांगा, बंदूक सरळ धरा आणि फुलीची उभी तार ओळंब्याच्या दोरीशी जुळवा. मग कड्या पक्क्या करा. नेम धरतानाही बंदूक कलती होता कामा नये. वीस मीटरवर पाच अंशांचा कल झाला, तर छर्रा कलत्या बाजूला पाच मिलिमीटर जातो. पाच अंश म्हणजे घड्याळात मिनिटकाटा एका मिनिटात जेवढा सरकतो, त्याहूनही कमी. डोळ्याला तो जाणवतही नाही.

तिसरी गोष्ट डोळ्याच्या जागेची. मोटारीत चालकाला वेगाचा काटा चाळिसावर दिसतो आणि शेजारी बसलेल्याला तोच काटा पस्तिसावर दिसतो. काटा तबकडीपासून थोडा पुढे असतो, म्हणून पाहणार्‍याची जागा बदलली की आकडा बदलतो. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. दुर्बिणीत प्रतिमा आणि फुली नेमक्या एकाच पातळीवर नसतील तर हेच होते. डोळा जरा हलला की फुली निशाणावरून घसरते. पुष्कळ दुर्बिणी शंभर यार्डांसाठी जुळवून दिलेल्या असतात आणि आपण दहा मीटरवर मारीत असतो. म्हणून छर्‍याच्या बंदुकीला पुढचे भिंग किंवा बाजूची चक्री फिरवून जवळच्या अंतराला जुळवता येईल अशी दुर्बीण हवी. पारख सोपी आहे. बंदूक टेकवून ठेवा, तिला हात न लावता डोळा थोडा वर-खाली करा. फुली निशाणावर स्थिर राहिली तर जुळणी ठीक आहे. आणि काही झाले तरी गाल दस्त्यावर दर वेळी त्याच ठिकाणी टेकवण्याची सवय करावी.

या तीन गोष्टी झाल्या, की मगच खरे काम सुरू होते. प्रथम दहा मीटरवर मोठा कागद लावावा. मोठा अशासाठी, की छर्रा कुठेही गेला तरी त्याची खूण राहावी. मध्यभागी एक ठिपका. त्याच ठिपक्यावर नेम धरून पाच छर्रे मारावेत. पहिला छर्रा ठिपक्यापासून कितीही दूर लागला तरी नेम बदलायचा नाही आणि चक्रीलाही हात लावायचा नाही. हा नियम ऐकायला सोपा, पाळायला फार कठीण. कागदावर पाच भोकांचा एक पुंजका उठेल. त्या पुंजक्याचा मध्य काढावा. प्रत्येक भोक ठिपक्यापासून किती खाली आहे ते मोजून बेरीज करावी व पाचाने भागावे, डावी-उजवीकडचेही तसेच. तो मध्य ठिपक्यावर आणण्यासाठी किती क्लिक लागतील याचा हिशेब कागदाच्या कडेलाच लिहावा आणि तेवढेच क्लिक फिरवावेत. चक्रीवरचा ‘अप’ हा बाण छर्‍याचा मार वर नेण्याची दिशा दाखवतो. छर्रे खाली लागत असतील तर ‘अप’कडे फिरवायचे. आतली यंत्रणा जागेवर बसावी म्हणून एकदोन छर्रे हिशेबात न धरता मारावेत, आणि मग नवे पाच. दहा मीटरवर पुंजका ठिपक्याजवळ आला, की ज्या अंतराला बंदूक लावायची तिथे जाऊन तेच सारे पुन्हा करावे.

छर्रा कोणता वापरला हेही वहीत लिहून ठेवावे. एकाच बंदुकीतून दोन जातींचे छर्रे दोन ठिकाणी लागतात आणि त्यांचे पुंजकेही लहानमोठे होतात. डबा बदलला की बंदूक पुन्हा लावून पाहावी.

आता मी त्या नियमाकडे येतो, कारण माझ्या आजच्या बोलण्याचे सार त्यातच आहे. एका छर्‍यावरून चक्री का फिरवायची नाही?

छर्रा चुकतो त्याची कारणे दोन जातींची असतात. एक विखुरणे. हाताचा बारीक कंप, श्वास, छर्‍याछर्‍यातला वजनाचा फरक, वार्‍याची झुळूक. या कारणांनी दर छर्रा थोडा निराळा जातो, कधी इकडे, कधी तिकडे. दुसरा कल. दुर्बीण आणि नळी यांची गाठ चुकीच्या जागी बसली असेल, तर सगळेच छर्रे एकाच बाजूला, सारखेच चुकतात. चक्रीने फक्त कल दुरुस्त होतो, विखुरणे नाही. आणि एकट्या छर्‍याकडे पाहून त्याची चूक कलामुळे झाली की विखुरण्यामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यासाठी पुंजका हवा. पुंजक्याचा आकार विखुरणे दाखवतो, त्याच्या मध्याची जागा कल दाखवते. आणि पाच छर्‍यांच्या मध्याचा भरवसा एका छर्‍याच्या भरवशाच्या सव्वादोन पट असतो, असे संख्याशास्त्र सांगते.

दर छर्‍यामागे चक्री फिरवली तर काय होते? एडवर्ड्‌स डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ यासाठी एक नरसाळ्याचा खेळ करून दाखवीत. टेबलावर एक खूण करायची, तिच्या बरोबर वर नरसाळे धरायचे आणि त्यातून एकेक गोटी सोडायची. गोट्या खुणेभोवती विखुरतात. आता ‘सुधारणा’ करू या. गोटी दोन बोटे डावीकडे पडली, की नरसाळे होते तिथून दोन बोटे उजवीकडे सरकवायचे. दर गोटीमागे असेच. हेतू किती चांगला! पण परिणाम असा, की गोट्यांचा पसारा आकसण्याऐवजी जवळजवळ दीडपटीच्या घरात जातो. अचूक सांगायचे तर १.४ पट. कारण आपण कल नसलेल्या ठिकाणी कल कल्पून तो दुरुस्त करीत बसतो, आणि दर दुरुस्ती आपली एक नवी चूक त्यात घालते. नवा नेमबाज नेमके हेच करतो. छर्रा मारतो, चक्री फिरवतो. पुन्हा मारतो, उलटी फिरवतो. डबाभर छर्रे संपतात आणि बंदूक होती त्याहून बिघडते. संसारात, दुकानात, वर्गातसुद्धा आपण एका दिवसाच्या चुकीवरून किती चक्र्या फिरवतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

पण याला दुसरी बाजूही आहे. ‘यंत्राला दोष देऊ नये, स्वतःला द्यावा’ हे बोधवचन ऐकायला बरे वाटते. पण तेही अर्धेच खरे आहे. कल जिथे खरोखर यंत्राचा आहे तिथे यंत्रच दुरुस्त केले पाहिजे, आणि तेही वेळेवर. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिकमधले भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. त्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्रातून नेम धरायचा असतो. पण ते छिद्रही असेच क्लिक फिरवून लावायचे असते. बिंद्रा यांनी पुढे स्वतः सांगितले आहे, की अंतिम फेरीपूर्वीच्या सरावाच्या छर्‍यांत त्यांचा मार मध्यापासून दूर जाऊ लागला. बंदुकीचा नेम हलला होता. इतकी वर्षे कमावलेला हात अशा वेळी स्वतःवरच संशय घेऊ शकतो. त्यांनी घाईने हात बदलला नाही, नेम बदलला. मोजक्या मिनिटांत क्लिक फिरवून बंदूक पुन्हा लावून घेतली. शेवटचा छर्रा १०.८ गुणांचा लागला आणि एकूण ७००.५ गुणांवर सुवर्ण आले. त्या निशाणाचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे कळले म्हणजे त्या शांत डोक्याची किंमत कळते.

हात आणि बंदूक यांचा दोष वेगळा कसा करायचा, याचीही एक साधी रीत आहे. तीच बंदूक, तेच छर्रे, तेच अंतर. पण मारणारा दुसरा. दुसर्‍याचाही पुंजका त्याच जागी पडला, तर कल बंदुकीचा. तो मध्यावर पडला, तर पहिल्याच्या पकडीत किंवा चाप ओढण्यात काही आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत पकडीला फार महत्त्व आहे, कारण छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच बंदूक हलू लागलेली असते. तिला आवळून धरू नये. तळहातावर हलकेच ठेवावी आणि दर वेळी तशीच हलू द्यावी. वाळूच्या पिशवीवर टेकवून लावलेली बंदूक हातात घेताच निराळी मारते, ती यामुळेच. ज्या पकडीने पुढे मारायचे, त्याच पकडीने ती लावून घ्यावी.

आता चार शब्द सावधगिरीचे. छर्‍याची बंदूक हे खेळणे नव्हे. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. भरलेली असो वा नसो, ती भरलेलीच आहे असे समजून नळी नेहमी निशाणाच्या दिशेला ठेवावी. कडक दगडावरून वा लोखंडावरून छर्रा उलटून येतो, म्हणून निशाणामागे छर्रा अडवून धरणारी मऊ, जाड आड हवी आणि मारणार्‍याच्या डोळ्यांवर चष्मा हवा. छर्रे शिशाचे असतात. हात धुतल्यावाचून खाऊ नये. २०१६ च्या शस्त्र-नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या अथवा २० ज्यूलपेक्षा अधिक जोराच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. आणि झाडावरच्या पाखरावर नेम धरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे; कायदा नसता तरी ते करण्याजोगे नव्हतेच. कागदावरचा ठिपका आपल्याला पुरेसा हरवतो.

आता पुन्हा त्या मुलीकडे येऊ. ती आली नाही, त्या रविवारी संध्याकाळी मी जुने निशाणाचे कागद चाळीत बसलो होतो. तिचे तीन कागद एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले आणि मला माझीच लाज वाटली. तिन्ही कागदांवरचे पुंजके एकाच जागी होते, आणि दर पुंजक्यातली पाचही भोके रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात होती. एवढा स्थिर हात आमच्या मंडळात दुसर्‍या कोणाचा नव्हता. पाठ थोपटलेल्या त्या मुलाची भोके बशीखाली झाकली नसती; मध्यावरचा त्याचा छर्रा हा निव्वळ योग होता. त्यालाही त्याचा खरा दोष मी सांगितला नव्हता. जन्मभर मुलांना सरासरी शिकवणारा मी, एका भोकाला भुललो होतो.

दुसर्‍या दिवशी मी तीच बंदूक घेऊन पाच छर्रे मारले. माझाही पुंजका खाली, डावीकडेच पडला. फक्त तो तिच्यापेक्षा बराच मोठा होता. मग तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांपुढेच तिला म्हणालो, “चूक बंदुकीची होती, आणि त्याहून माझी होती. रविवारी ये.”

ती आली. मी तिच्या हातात पट्टी आणि पेन्सिल दिली. तिने आपल्या कागदावर पुंजक्याचा मध्य काढला. ठिपक्याच्या बावीस मिलिमीटर खाली, पंधरा मिलिमीटर डावीकडे. भागाकार केला. वर तीस क्लिक, उजवीकडे एकवीस. ओठातल्या ओठात मोजत चक्र्या तिनेच फिरवल्या. दोन छर्रे हिशेबाबाहेर, मग पाच. कागद आणून तिने माझ्यापुढे धरला. रुपयाएवढाच तो पुंजका आता ठिपक्यावर बसला होता.

ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “सर, म्हणजे आधीसुद्धा माझा हात हलत नव्हता?”

“नाही,” मी म्हणालो, “एकदाही नाही.”

श्रोतेहो, बंदूक लावून घेण्याची सारी विद्या मला त्या एका प्रश्नोत्तरात दिसते.